एआर-१५ कार्बाइनसाठी रेल हँडगार्ड: मोजमापापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत

१६ इंची बॅरल, कार्बाइन लांबीची (म्हणजे आखूड) गॅस व्यवस्था, जी गोळीमागचा गॅस वळवून रायफल पुन्हा भरते, आणि पुढे पिना ठोकून बसवलेला त्रिकोणी फ्रंट साइट. अमेरिकेत घराघरांत असलेल्या कितीतरी एआर-१५ रायफलींची मांडणी हीच असते. अशा रायफलवर १३ किंवा १५ इंची रेल, म्हणजे सामान लावायच्या खाचा असलेला, बॅरलभोवतीचा हँडगार्ड, नुसती आणून चढवता येत नाही. साइटचा पाया वाटेत येतो. बॅरल रिसीव्हरला (रायफलच्या मधल्या सांगाड्याला) धरणारा जुना बॅरल नट नव्या रेलला चालत नाही. तो नट काढायचा म्हटले की बॅरलमधून गॅस घेणारा गॅस ब्लॉक (इथे फ्रंट साइटचा पायाच), तो गॅस मागे नेणारी गॅस ट्यूब आणि बॅरलच्या तोंडावरचा, ज्वाळा झाकणारा फ्लॅश हायडर, सगळेच उतरवावे लागते. खोके उघडल्यावर हे लक्षात आले की काही जण रेल परत पाठवतात आणि काही जण हाताला लागेल त्या पान्याने जोर लावतात. जोर लावणाऱ्यांच्या रिसीव्हरचे आटे जातात आणि रेलपेक्षा महाग वस्तू बाद होते.

म्हणून निवड उलट्या टोकाने करावी. आधी हातातली रायफल मोजावी, मग रेलवर काय लावायचे ते ठरवावे, मग रेल रिसीव्हरला कशी धरली जाते ते पाहावे. रंग, भोकांची नक्षी आणि ग्रॅमाग्रॅमाची तुलना सर्वांत शेवटी. फ्री-फ्लोट, म्हणजे बॅरलला न टेकणाऱ्या, रेलला एकाच टोकाला आधार असतो. त्या टोकाचा सांधा पक्का नसेल, तर पुढच्या १५ इंचांवर कितीही उत्तम धातू असला तरी त्यावर लावलेला लेझर किंवा साइट जागेवर राहत नाही.

कायद्याचे आधी बोलून घेऊ, कारण न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात मराठी घरे बरीच आहेत. हँडगार्ड हा स्वतः बंदूक मानला जात नाही. एआर-१५ मध्ये कायद्याच्या दृष्टीने बंदूक म्हणजे लोअर रिसीव्हर, सांगाड्याचा खालचा अर्धा भाग. पण ज्या रायफलवर हँडगार्ड बसवायचा ती बाळगण्याचा हक्क हा वेगळा प्रश्न आहे. एच-१बी, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या व्यक्तीला संघीय कायद्याने बंदूक बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, ते वकिलाकडूनच समजून घ्यावेत. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई लागू नाही. १६ इंचांहून कमी बॅरलच्या रायफलची १९३४ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. कॅलिफोर्नियात काढता येणारे मॅगझिन असलेल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलवर पुढची उभी मूठ लावली की ती रायफल बंदी असलेल्या वर्गात जाऊ शकते. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीचे नियम आणखी वेगळे आहेत. तेव्हा रेलवर काय लावायचे हे आधी आपल्या राज्याच्या कायद्याला विचारावे. भारतात येताना असा भाग बॅगेत टाकू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्रांच्या व्याख्येतच सुटे भाग येतात, आणि या जातीची रायफल तिथे सर्वसाधारण परवान्यावर मिळतही नाही.

रायफल मोजणे

मॅगझिन काढा, बोल्ट (चेंबर बंद करणारा भाग) मागे ओढून अडकवा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते तिथे, डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. मगच टेप हातात घ्या. पुढचे सगळे काम अप्पर (वरचा अर्धा भाग, ज्याला बॅरल असते) आणि लोअर वेगळे करूनच करायचे आहे.

पहिले माप गॅस व्यवस्थेचे. रिसीव्हरच्या पुढच्या कडेपासून गॅस ब्लॉकच्या किंवा फ्रंट साइटच्या मागच्या कडेपर्यंत मोजा. साधारण ७ इंच भरले तर कार्बाइन, ९ इंच भरले तर मिड-लेंथ, १२ च्या पुढे गेले तर रायफल लांबी. मूळचा हँडगार्ड न कापता बदलायचा असेल, तर हेच माप तुमची लांबी ठरवते. कार्बाइनच्या जागी मिड-लेंथचा दुभागी हँडगार्ड कोणत्याही युक्तीने बसत नाही.

दुसरे माप गॅस ब्लॉकचे. तो उंच आहे की ठेंगणा? ठेंगणा असेल तर कॅलिपरने त्याची सर्वांत मोठी बाहेरची जाडी घ्या आणि रेलच्या आतल्या व्यासाशी ताडून पाहा. बारीक, हलक्या रेलींचा आतला व्यास १.३ इंचांच्या आसपास असतो. क्लॅम्पवाला किंवा बाजूने स्क्रू फिरवायचा गॅस ब्लॉक तिथे घासू शकतो. गॅस कमीजास्त करता येणारा ब्लॉक असेल, तर त्याच्या स्क्रूपर्यंत अॅलन की रेलच्या तोंडातून किंवा खाचेतून पोहोचते का हेही आताच पाहा. रेल बसल्यावर हे कळून उपयोग नाही.

तिसरी गोष्ट मापाची नाही, पाहण्याची आहे. तोंडावरचा फ्लॅश हायडर पिन मारून वेल्ड केलेला आहे का? १४.५ इंची बॅरल नोंदणीशिवाय वापरता यावी म्हणून लांब हायडर कायमचा जोडून एकूण लांबी १६ इंच केली जाते. असे असेल तर गॅस ब्लॉक पुढून निघत नाही, कारण हायडर ब्लॉकच्या भोकापेक्षा जाड असतो. गॅस ब्लॉक निघत नाही म्हणून बॅरल नटही निघत नाही. अशा रायफलचा मालक रेलच्या नव्हे, त्या नटाच्या कैदेत असतो. तिथे दोनच वाटा उरतात: आहे त्याच नटावर बसणारी रेल शोधणे, किंवा वेल्ड कापून घेणे. कापले की पुन्हा जोडेपर्यंत ती बॅरल कायद्याने १४.५ इंचीच असते, म्हणून हे काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्यावे. नवीन बांधणी करत असाल तर रेल, गॅस ब्लॉक आणि नट आधी पक्के करा, पिन-वेल्ड सर्वांत शेवटी.

रेलवर काय लावायचे

हा प्रश्न टाळला की रेल नेहमी गरजेपेक्षा लांब आणि जड निघते. कागदावर लिहा: टॉर्च, पट्टा, बायपॉड (दोन पायांचा टेकू), पुढची घडीची साइट, लेझर. यांतले काय नक्की लागणार आहे?

नुसती टॉर्च आणि पट्टा असेल तर मॅगपुल एमओई एसएलसारखा पॉलिमरचा, मूळ जागी बसणारा हँडगार्ड पुरेसा आहे. तो पाच मिनिटांत बसतो, उन्हात आणि थंडीत हाताला सुसह्य असतो, आणि बसवताना काही बिघडण्याची शक्यता जवळजवळ नसते. घरात ठेवलेल्या रायफलसाठी आम्ही हाच आधी सुचवतो.

बायपॉड किंवा नेमबाजीचा ताणलेला पट्टा वापरणार असाल, तर फ्री-फ्लोट घ्या. कारण साधे आहे. मूळ हँडगार्ड मागे डेल्टा रिंगने (रिसीव्हरजवळच्या स्प्रिंगच्या कड्याने) आणि पुढे बॅरलवरच्या टोपीने धरलेला असतो, म्हणजे हँडगार्डवर पडणारा प्रत्येक दाब बॅरलला मिळतो. पट्टा हाताभोवती घट्ट गुंडाळून ओढला की बॅरल किंचित वाकते आणि गोळ्यांचा पुंजका सरकतो. फ्री-फ्लोट रेल बॅरलला कुठेही स्पर्श करत नाही. मात्र फ्री-फ्लोट केले की रायफल आपोआप अचूक होते असे नाही. वाळूच्या पिशवीवर ठेवून मारल्यास सामान्य बॅरलचा पुंजका बहुधा तेवढाच राहतो. फायदा असा की धरण्याची पद्धत बदलली तरी पुंजक्याची जागा फारशी बदलत नाही.

पुढची साइट किंवा लेझर रेलवर बसवणार असाल, तर मात्र बाकी सगळ्यांवर ताठपणा आणि सांधा भारी पडतो. साइट रेलवर असते, गोळी बॅरलमधून जाते. रेल वळली की दोघांचा मेळ तुटतो. अमेरिकी विशेष दलांनी आधी डॅनियल डिफेन्सची चौरस आरआयएस-टू रेल घेतली आणि नंतरच्या सुधारित अप्परमध्ये गाइसलीची मार्क १६ ही एम-लॉक रेल घेतली. दोन्ही वेळा बॅरलला न टेकणारी रेलच निवडली गेली, यामागे हेच कारण आहे.

खाचांच्या तीन पद्धती

पिकॅटिनी सर्वांत जुनी आणि सर्वांत दणकट. १९९५ मध्ये तिचे लष्करी मानक ठरले. नाव न्यू जर्सीतल्या पिकॅटिनी आर्सेनलवरून आले, मॉरिस काउंटीत राहणाऱ्यांना ते ठिकाण परिचित असेल. खाच ५.२३ मिलिमीटर रुंद, एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १०.०१ मिलिमीटर. जुन्या वीव्हर पद्धतीची खाच याहून अरुंद असते, त्यामुळे वीव्हरचे सामान पिकॅटिनीवर बहुधा बसते, पण पिकॅटिनीचे जाड बोल्ट वीव्हरमध्ये जात नाहीत. नाइट्स आर्ममेंटच्या एम४ वरच्या प्रसिद्ध रेलसारख्या चारही बाजूंच्या दातेरी रेलीला वजन आहे, जाडी आहे, आणि उघड्या दातांवर हात सोलतो. म्हणून तिच्यावर रबरी किंवा पॉलिमर आवरण घालावे लागते, म्हणजे आणखी वजन.

म्हणून आता बहुतेक रेलींवर फक्त वरच्या बाजूला पिकॅटिनी असते आणि बाकी बाजूंना लांबट भोके. त्यांत की-मॉड २०१२ मध्ये आली आणि मॅगपुलची एम-लॉक २०१४ मध्ये. अमेरिकी नौदलाच्या क्रेन येथील केंद्राने विशेष दलांसाठी या दोन्हींची तुलना केली. सामान काढून पुन्हा लावल्यावर नेम किती सरकतो या चाचणीत एम-लॉकची सरासरी १.३ एमओए (कोनाचे माप, अंशाचा साठावा भाग) आली आणि की-मॉडची ४.९. भार सोसण्याच्या चाचणीतही एम-लॉक पुढे राहिली, आणि विशेष दलांनी तीच घेतली. त्यानंतर नवे सामान प्रामुख्याने एम-लॉकचेच निघू लागले. हाताशी की-मॉड रेल असेल आणि तिच्यावर नुसती टॉर्च असेल तर ती फेकायची गरज नाही, पण आज पैसे देऊन नवीन की-मॉड घेण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

एम-लॉकची खाच ३२ मिलिमीटर लांब आणि ७ मिलिमीटर रुंद असते, दोन खाचांमध्ये ८ मिलिमीटरचा पूल. म्हणजे ४० मिलिमीटरांमागे एक खाच. हे माप ध्यानात ठेवले की कोणते सामान किती खाचा व्यापेल याचा हिशेब दुकानात उभ्या उभ्या करता येतो. घड्याळाच्या ३, ६ आणि ९ च्या बाजूंना खाचा असल्या की बहुतेकांचे भागते. अंगठ्याजवळ टॉर्चचे बटण हवे असेल, तर १०:३० आणि १:३० च्या तिरक्या बाजूंनाही खाचा असलेली रेल पाहा.

लांबी आणि जाडी

१६ इंची बॅरलवर १३ ते १५ इंचांची रेल शोभते आणि चालतेही. पण लांबी फुकट मिळत नाही. २०० ग्रॅमची टॉर्च १० व्या इंचावर आणि १५ व्या इंचावर सारखी जड लागत नाही, खांद्यापासून जितकी दूर तितकी ती डोलते. हात पूर्ण लांबवून रायफल धरा आणि कोणाला तरी तुमचा अंगठा रिसीव्हरपासून किती इंचांवर येतो ते मोजायला सांगा. त्यापुढे टॉर्चसाठी दोन-तीन इंच सोडा. बहुतेकांचे उत्तर १३ च्या आसपास येते. १५ इंच तेव्हाच घ्यावे, जेव्हा पुढची साइट शक्य तितकी पुढे हवी असते किंवा आडोशावर बॅरल न टेकवता रेल टेकवायची असते.

रेलचे तोंड बॅरलच्या आट्यांच्या किंचित मागे संपले पाहिजे, नाहीतर हायडरवर पाना बसत नाही. सायलेन्सर वापरणार असाल, तर त्याचा व्यास साधारण दीड इंच असतो हे विसरू नका. बारीक रेलीत तो आत शिरत नाही, म्हणून एक तर रेल आखूड घ्या किंवा आतून रुंद. शिरणारा असेल तर चारही बाजूंना समान फट हवी. सायलेन्सर तापतो, आणि रेलला टेकला तर हात भाजतो आणि नेमही हलतो.

धातूबद्दल थोडक्यात: ६०६१-टी६ अॅल्युमिनियम नेहमीच्या वापराला पुरते, ७०७५ अधिक मजबूत आणि महाग. हार्ड अॅनोडायझिंगचा थर असावा. कार्बन फायबर हलके आणि हाताला गार, पण टोकाच्या सांध्याला धातूच लागतो आणि आपटले की फायबर चिरते. १३ ते १५ इंची एम-लॉक अॅल्युमिनियम रेलीचे वजन नटासकट साधारण २२५ ते ३४० ग्रॅम. त्याहून खूप हलके कोणी सांगत असेल तर भिंत किती पातळ केली आहे आणि सांध्याला किती बोल्ट आहेत ते पाहा.

सांधा: इथे वेळ द्या

रिसीव्हरच्या पुढच्या टोकावर सव्वा इंची व्यासाचे, इंचाला १८ असे आटे असतात. त्यावर बॅरल नट बसतो आणि तोच बॅरल रिसीव्हरमध्ये दाबून धरतो. फ्री-फ्लोट रेल या नटाला पकडते. पकडण्याच्या तीन मुख्य रीती आहेत.

पहिली, रेल नटावर सरकवून खालून दोन किंवा अधिक आडव्या बोल्टांनी चिमटणे. हलकी, सोपी, आणि आज सर्वांत रूढ. चांगल्या रचनेत बोल्ट नटावरच्या खाचेतून आडवा जातो, त्यामुळे चिमटा ढिला पडला तरी रेल पुढे निसटत नाही. नुसत्या चिमट्याच्या घर्षणावर टिकणारी रचना टाळा.

दुसरी, रेलचे स्क्रू नटाच्या अंगात सरळ जाणे. ताठपणा उत्तम, पण अॅल्युमिनियममधले आटे एकदा गेले की गेले.

तिसरी, आटे असलेली रेल नटावर फिरवून मागून जॅम नटाने अडवणे. ही जुनी रीत. बांधणी नीट झाली तर चालते, पण वरची पिकॅटिनी रिसीव्हरच्या रेषेत आणणे किचकट.

रीत कोणतीही असो, रेलच्या मागच्या कडेला रिसीव्हरला कवेत घेणारी दोन जिभा किंवा कान आहेत का हे पाहा. रेल गोल फिरू नये म्हणून ते असतात. लेझर किंवा साइट लावणाऱ्यांनी ते नसलेली रेल घेऊ नये. पट्टा एका बाजूने ओढत असतो आणि त्याची पहिली धाव रेल फिरवण्याकडे असते.

नट स्टीलचा की अॅल्युमिनियमचा यावर खूप वाद होतो. स्टीलचा जड पण आट्यांना टिकाऊ. अॅल्युमिनियमचा हलका आणि बॅरलची उष्णता रेलीत लवकर पसरवणारा. सांधा नीट कसलेला असेल तर दोन्ही चालतात.

आणखी एक बाब: मूळच्या नटाला कंगव्यासारखे दाते असतात आणि गॅस ट्यूब त्यांतल्या एका खाचेतूनच जाते, म्हणून नट अचूक कोनात थांबवावा लागतो. नव्या रेलींचे नट पुष्कळदा ट्यूबच्या खालून जाण्याइतके बारीक असतात, त्यांना कोन जुळवावा लागत नाही. काहींसोबत पातळ शिम (फट भरायच्या चकत्या) येतात, ते हरवू नका.

बसवणे

लागणारी हत्यारे: पक्की बेंच व्हाइस, बॅरल एक्स्टेन्शनमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकावरच्या भागात) आतून अडकणारा दांडा (गाइसलीचा रिअॅक्शन रॉड किंवा मॅगपुलचा बीईव्ही ब्लॉक), नटाला जुळणारा पाना, हा बहुधा रेलसोबतच येतो, फूट-पाउंडाचा टॉर्क रेंच आणि इंच-पाउंडाचा वेगळा टॉर्क स्क्रूड्रायव्हर, ५/६४ इंची रोल पिन पंच, पितळी हातोडी, मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे ग्रीस, आयसोप्रोपिल अल्कोहोल, निळे थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला पडू नये म्हणून आट्यांना लावायचे द्रव्य), मार्किंग पेन. ग्रॅफाइट असलेले ग्रीस वापरू नये. स्टील आणि अॅल्युमिनियम एकमेकांना भिडलेले असताना ग्रॅफाइट गंज वाढवतो.

पहिली पायरी, हायडर काढा. अप्पर दांड्यावर बसवा म्हणजे पिळ बॅरल एक्स्टेन्शन सोसेल, रिसीव्हर नाही. मागचा क्रश वॉशर (चेपून घट्ट बसणारी चकती) एकदा चेपला की संपला, परत बसवताना नवा घ्या.

दुसरी, गॅस ब्लॉक. फ्रंट साइटच्या पायात दोन निमुळत्या पिना असतात आणि त्यांचे बारीक टोक डाव्या बाजूला असते, बॅरल तुमच्यापासून पुढे धरून पाहिल्यास. म्हणून डावीकडून उजवीकडे ठोका. उलटे ठोकल्यास पिन अधिक रुतते आणि तिचे डोके पसरते. खाली भक्कम टेकण हवे, हवेत धरून ठोकलेली पिन वाकते. पहिला घाव मजबूत आखूड पंचने द्या, पिन हलली की मग लांब पंच. पिना निघाल्या की ब्लॉक आणि ट्यूब एकत्रच पुढे सरकवून काढा.

तिसरी, जुना नट. नटाच्या दात्यांवर पाना पूर्ण बसवा, अर्धवट बसलेला पाना दाते मोडतो. कारखान्यातून घट्ट आलेला नट सुटेना, तर हीट गनने दोन-तीन मिनिटे तापवा. नट, स्प्रिंग, सर्कलिप आणि रिंग एका पिशवीत जपून ठेवा.

चौथी, नवा नट. रिसीव्हरचे आटे पुसून पातळ ग्रीस लावा. हाताने शेवटपर्यंत फिरवा. हाताने अडला तर आटा चुकला आहे, उलटा फिरवून पुन्हा सुरू करा. मग ३० ते ४० फूट-पाउंडांपर्यंत आवळा आणि सोडा, पुन्हा आवळा आणि सोडा. याने आटे एकमेकांत बसतात आणि शेवटचा आकडा खरा येतो. तिसऱ्यांदा अंतिम आवळा. लष्करी मूळ नटाची मर्यादा ३० ते ८० फूट-पाउंड (सुमारे ४१ ते १०८ न्यूटन-मीटर) आहे. तुमच्या रेलच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

पाना टॉर्क रेंचच्या रेषेत पुढे जोडला, तर रेंचवरचा आकडा खोटा ठरतो, कारण तरफ लांबते. हिशेब असा: हवा असलेला टॉर्क गुणिले रेंचची लांबी, भागिले रेंच आणि पाना यांची एकूण लांबी. ५० फूट-पाउंड हवेत, रेंच १६ इंच, पान्याची भर २ इंच, तर रेंच ४४.४ वर लावा. पाना रेंचला काटकोनात जोडला की हा हिशेब लागत नाही, आणि तेच सोपे.

पाचवी, ठेंगणा गॅस ब्लॉक. बॅरल मुळात हँडगार्डच्या टोपीसाठी कातलेली असेल, तर ब्लॉक मागच्या खांद्याला चिकटवू नका. टोपीच्या जाडीइतकी, म्हणजे सुमारे ०.६ ते ०.७५ मिलिमीटर फट सोडा. नाहीतर ब्लॉकचे भोक बॅरलच्या भोकासमोर येत नाही, गॅस कमी पडतो आणि रायफल प्रत्येक गोळीला हाताने ओढावी लागते. जुन्या टोपीचाच तुकडा मध्ये ठेवून फट मोजता येते. इथल्या स्क्रूंना साधे निळे थ्रेडलॉकर उपयोगाचे नाही, ते सुमारे १५० अंश सेल्सियसच्या पुढे ढिले पडते. रॉकसेटसारखे उष्णता सोसणारे लावा.

सहावी, ट्यूबची चाचणी. चार्जिंग हँडल न लावता बोल्ट काढलेला कॅरिअर (बोल्ट ज्यात बसतो तो सरकता भाग) अप्परमध्ये हळू पुढे ढकला. कॅरिअरवरच्या नळीत, म्हणजे गॅस कीमध्ये, ट्यूब न अडखळता शिरली पाहिजे. टोचत असेल तर ट्यूब किंचित वळवून रेषेत आणा. रेल चढवण्याआधीच हे करा.

सातवी, रेल. सरकवा, रिसीव्हरला पूर्ण भिडवा, वरची रेल रिसीव्हरच्या रेलच्या रेषेत आहे का ते लांब सरळ पट्टी ठेवून पाहा. बोल्टांवरचे तेल अल्कोहोलने काढा, निळे थ्रेडलॉकर एक थेंब, आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला की रेल तिरकी बसते. आता सर्वांत महाग चूक: हे आकडे इंच-पाउंडांत असतात. ३५ इंच-पाउंड म्हणजे सुमारे ४ न्यूटन-मीटर. तोच ३५ आकडा फूट-पाउंडाच्या रेंचवर लावला तर बारापट जोर बसतो आणि बोल्ट तुटतो किंवा आटे उपटले जातात. थ्रेडलॉकर २४ तास सुकू द्या आणि प्रत्येक बोल्टावरून रेलवर पेनने एक रेघ ओढा. पुढे नुसत्या नजरेने बोल्ट फिरला की नाही ते कळते.

आठवी, सामान. एम-लॉकच्या टी आकाराच्या नटांना पाव वळण घ्यावे लागते. स्क्रू सैल करून नट खाचेच्या रेषेत आणा, खाचेत घाला, स्क्रू उजवीकडे फिरवा, आणि रेलच्या तोंडातून टॉर्च मारून नट खरोखर आडवा झाला आहे का ते पाहा. अर्धवट वळलेला नट हाताला घट्ट लागतो आणि दहाव्या गोळीला सुटतो. धातूच्या रेलवर साधारण ३५ इंच-पाउंड. पॉलिमरवर सामानाच्या कागदातला आकडा. स्क्रूचे टोक आत गॅस ब्लॉकला किंवा ट्यूबला टेकत असेल, तर रेल फ्री-फ्लोट राहिली नाही. तिथली खाच सोडून द्या.

दुर्बिणीचा माउंट अर्धा रिसीव्हरवर आणि अर्धा रेलवर कधीही ठेवू नका. वरची रेषा कितीही सलग दिसली तरी ते दोन वेगळे भाग आहेत आणि तापल्यावर वेगवेगळे हलतात.

रेंजवर जाण्याआधी कागदाची एक पट्टी बॅरल आणि रेल यांच्या मधून पूर्ण लांबीभर फिरवा. जिथे अडते तिथे स्पर्श आहे. फट एका बाजूला उघड कमी दिसत असेल, तर बोल्ट एकसारखे आवळले आहेत का ते पुन्हा पाहा. तेही बरोबर असेल, तर रिसीव्हरचा पुढचा चेहरा काटकोनात नाही असे समजावे आणि तो लॅप करून (घासून सपाट करून) घेण्यासाठी गनस्मिथकडे जावे.

रेंजवर १०० यार्डांवर पाच गोळ्यांचे तीन पुंजके मारा: पहिला रेल पिशवीवर सैल ठेवून, दुसरा बायपॉडवर पुढे रेटून, तिसरा पट्टा घट्ट ताणून. तिन्हींचे मध्य मोजा. या अंतरावर १ एमओए म्हणजे १ इंचाहून किंचित जास्त, नेमके १.०४७. मध्य इंचभर अंतरात असतील तर सांधा काम करतो आहे. तिसरा मध्य पट्ट्याच्या ओढीच्या दिशेने दोन-तीन इंच गेला असेल, तर रेल कुठेतरी टेकते आहे किंवा नट पुरेसा आवळलेला नाही. पहिल्या १०० गोळ्यांनंतर, बॅरल पूर्ण गार झाल्यावर, पेनच्या रेघा तपासा. सरकलेली रेघ दिसली तर तो बोल्ट नुसता वरून आवळू नका. काढा, अल्कोहोलने पुसा, नवे थ्रेडलॉकर लावून पुन्हा मोजून कसा आणि पुन्हा २४ तास थांबा.